चालत्या होडीवरची वीज: आधी पट्टा पाहा, मग इन्व्हर्टर

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

होडीचे मुख्य इंजिन प्रवासभर चालूच असते, मग त्याच्यावरच २३० व्होल्टची घरगुती वीज का काढू नये, हा प्रश्न बोट बाळगणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो. उत्तर ‘जरूर काढावी’ असेच आहे. पण पुढे ‘फुकट ते पौष्टिक’ या न्यायाने जे सल्ले दिले जातात, त्यांनी अल्टरनेटर जळतात, पट्टे तुटतात आणि भर पाण्यात इंजिने तापतात. मोठा इन्व्हर्टर आणायचा, बॅटरीला जोडायचा की काम झाले, ही त्यातली सर्वांत महागात पडणारी समजूत. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, आलेल्या विजेचे रूप तेवढे बदलतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? इथला आड म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाला पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर. म्हणून या पत्रात त्या टोकापासून निघून प्लगपर्यंत जातो.

आधी ‘फुकट’चा हिशेब. गाडीच्या धाटणीचा साधा अल्टरनेटर त्याला मिळालेल्या शक्तीपैकी ५५ ते ६० टक्केच वीज म्हणून परत देतो, बाकीची उष्णता होऊन जाते. पट्ट्यात सुमारे ५ टक्के जातात. इन्व्हर्टर चांगला असला तर ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्लगवर १ किलोवॉट हवा असेल तर बॅटरीकडून सुमारे १.१ किलोवॉट आणि इंजिनाकडून २ किलोवॉटच्या थोडे वर, अर्थात पावणेतीन अश्वशक्ती लागते. १२ व्होल्टच्या यंत्रणेत दर २५ अँपिअरला इंजिनाची एक अश्वशक्ती, हा आडाखा लक्षात ठेवायला सोपा आहे आणि पुरेसा बरोबर आहे. ठीकठाक भाराखाली चालणारे डिझेल इंजिन शाफ्टवरच्या दर युनिटला पाव लिटर ते ०.३ लिटर तेल खाते. त्यामुळे प्लगवर पोचलेले एक युनिट अर्धा लिटर किंवा थोड्या जास्त डिझेलचे पडते.

तरीही हा सौदा वाईट नाही. इंजिन होडी ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवण्यासाठी चालूच आहे, त्याच्या स्वतःच्या घर्षणाचा आणि पंपांचा खर्च आधीच झालेला आहे. वर लागणाऱ्या एक-दोन किलोवॉटसाठी फक्त वाढीव तेल जाते. त्याच वेळी वेगळा छोटा जनरेटर चालवून त्यावर एखादा फ्रीज आणि दोन दिवे लावले, तर त्याचे बहुतेक डिझेल स्वतःला फिरवण्यातच संपते. उलट, नांगर टाकून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून केवळ बॅटरी भरण्यासाठी ४० अश्वशक्तीचे इंजिन तासन् तास हळू चालवणे हा शुद्ध तोटा आहे. भार नसलेले डिझेल इंजिन नीट तापत नाही, इंधन अर्धवट जळते, काजळी साचते, सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि मग ते वंगणाचे तेल खाऊ लागते. म्हणून ही सारी चर्चा चालत्या होडीपुरती आहे.

इंजिनावर हा भार झेपेल का? इथे पंख्याचा नियम कामी येतो. पात्यांचा कोन स्थिर असलेल्या पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. समजा इंजिन ३० किलोवॉटचे आहे आणि पूर्ण शक्तीला मिनिटाला ३६०० फेरे करते. २५०० फेऱ्यांवर पंखा त्यातले जेमतेम १० किलोवॉट घेतो. इंजिन मात्र त्या फेऱ्यांवर वीसेक किलोवॉट देऊ शकते. मधली जागा आपली. पूर्ण थ्रॉटलवर ही जागा शून्य होते, कारण नीट निवडलेला पंखा तिथे इंजिनाची सगळी शक्ती घेतो; वादळवाऱ्यात किंवा प्रवाहाविरुद्ध पूर्ण जोर लावायचा असेल तेव्हा अल्टरनेटरचे फील्ड (त्यात चुंबकत्व निर्माण करणारा करंट) बंद करणारा एक साधा स्विच हाताशी असावा. दुसऱ्या टोकाला, मंद गतीवर, लहान इंजिनाला मोठा अल्टरनेटर एकदम पकडला की ते गुदमरते, कधी बंदही पडते. धक्क्याला लावताना असे होणे बरे नव्हे. चांगले रेग्युलेटर, म्हणजे फील्ड कमीजास्त करून अल्टरनेटरची वीज आवरणारी उपकरणे, भार हळूहळू चढवतात, तो गुण पाहूनच घ्यावा.

आता मुख्य गाठ. घरगुती विजेला ठरावीक व्होल्टेज तर हवेच, शिवाय सेकंदाला ५० आवर्तनेही हवीत. ही आवर्तने जनरेटरच्या फेऱ्यांवरून ठरतात: चार ध्रुवांच्या जनरेटरला नेमके १५०० फेरे, दोन ध्रुवांच्याला ३०००. आणि होडीचे इंजिन तर ८०० पासून ३६०० पर्यंत मर्जीनुसार वरखाली होते. घोडं इथेच पेंड खातं.

पट्ट्यावर २३० व्होल्टचा जनरेटर सरळ बसवायचा, असा सल्ला अनेक जण देतात. इंजिनाच्या १८०० फेऱ्यांना १५०० मिळतील अशा पुली लावल्या की तेवढ्यापुरते सगळे छान चालते. कुणी तरी पुढे जाळे टाकलेले दिसले म्हणून थ्रॉटल १२०० वर आणले, की आवर्तने तेहतीस आणि आणखी खाली आणले की त्याहूनही कमी. वाईट गोष्ट ही की जनरेटरवरचा स्वयंचलित व्होल्टेज नियंत्रक व्होल्टेज टिकवण्यासाठी फील्डमध्ये जास्त जास्त करंट ढकलतो. व्होल्टेज पूर्ण आणि आवर्तने कमी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि मोटरीतले लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरते, करंट वाढतो आणि ती तापून जळतात. फ्रीजचा कॉम्प्रेसर यात पहिला जातो. चांगल्या नियंत्रकात आवर्तने घसरली की व्होल्टेजही सोबत उतरवण्याची सोय असते, ती नसलेला जनरेटर होडीवर आणूच नये. पाणी तापवण्याची कॉइल, इस्त्री यांना मात्र आवर्तनांचे सोयरसुतक नसते. फक्त पाणी तापवायचे असेल तर ही पद्धत चालून जाते.

मोठ्या जहाजांवर शाफ्टला जोडलेले जनरेटर सर्रास असतात, हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. पण तिथे बहुधा पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा असतो: इंजिनाचे फेरे कायम ठेवायचे आणि वेग कोनाने कमीजास्त करायचा. किंवा मग मध्ये आवर्तने दुरुस्त करणारा मोठा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतो. स्थिर पात्यांच्या छोट्या होडीला ते उदाहरण लागू पडत नाही.

हायड्रॉलिक पद्धत हा या गाठीवरचा जुना आणि भक्कम उतारा. इंजिनावर बदलत्या क्षमतेचा पंप, तेलाच्या नळ्या, आणि दुसऱ्या टोकाला जनरेटर फिरवणारी हायड्रॉलिक मोटर. इंजिनाचे फेरे बदलले तरी पंप तेलाचा प्रवाह तेवढाच ठेवतो, त्यामुळे जनरेटर १५०० वर राहतो. पंप आणि मोटर मिळून पाचवा हिस्सा ते पाव हिस्सा शक्ती उष्णतेत जाते. ५ किलोवॉटच्या संचात तेलासाठी समुद्राच्या पाण्यावरचा कूलर बसवावाच लागतो. तेलात कचरा गेला की पंप संपला, म्हणून गाळणी वेळेवर बदलणे आले. ज्या होडीवर नांगर ओढायला किंवा जाळे ओढायला हायड्रॉलिक विंच आधीच आहे, तिथे हा विचार करावा. नुसत्या मिक्सर-मायक्रोवेव्हसाठी एवढा पसारा मांडण्यात अर्थ नाही.

आणखी एक प्रकार म्हणजे पट्ट्यावरचा खास उच्च व्होल्टेजचा अल्टरनेटर आणि वेगळा कन्व्हर्टर डबा. फेऱ्यांप्रमाणे आवर्तने हवी तशी बदलू द्यायची, ती वीज आधी एकदिश करायची आणि मग इलेक्ट्रॉनिक्सने २३० व्होल्ट, ५० आवर्तने बनवायची. साडेतीन ते पाच किलोवॉटपर्यंत हे संच मिळतात. मध्ये बॅटरी नसल्याने जड तारा लागत नाहीत, ही मोठी सोय. पण इंजिन थांबले की वीज त्याच क्षणी गेली, मंद गतीवर पूर्ण क्षमता मिळत नाही, आणि मोटर सुरू होतानाचा झटका सोसण्याची ताकद बेताचीच. वातानुकूलन यंत्र प्रवासात सतत चालवायचे असेल तर हा प्रकार शोभतो.

उरलेल्यांसाठी, म्हणजे बहुतेकांसाठी, १२ किंवा २४ व्होल्टचा मोठा अल्टरनेटर, घरगुती वापराची वेगळी बॅटरी आणि त्यावर इन्व्हर्टर हेच बरोबर. बॅटरी इथे पाण्याच्या टाकीसारखी असते: नळ कितीही कमीजास्त सोडा, पंपाच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध उरत नाही. मात्र टाकी भरणारा पंप खरोखर किती देतो, ते पाटी वाचून कळत नाही.

अल्टरनेटरवर १०० अँपिअर लिहिलेले असते ते थंड असताना आणि त्याच्या स्वतःच्या सुमारे ६००० फेऱ्यांवर. तापल्यावर तोच ७० ते ७५ देतो. मंद गतीवर त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी खूप. म्हणून पुलीचे गुणोत्तर मोजून ठरवायचे. क्रँकशाफ्टची पुली १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ६० असेल तर गुणोत्तर अडीच. इंजिनाच्या ८०० फेऱ्यांना अल्टरनेटर २०००, २५०० ला ६२५० आणि ३६०० ला ९०००. लहान बांध्याचे अल्टरनेटर हे सहज सोसतात; मोठ्या बांध्याच्या काहींची मर्यादा ८००० च्या आसपास असते, त्यांना पुली मोठी घ्यावी लागते. मंद गतीवर जास्त करंट मिळावा म्हणून अल्टरनेटरची पुली फारच लहान केली तर पट्टा तिच्याभोवती नीट लपेटत नाही आणि घसरतो. लहान पुलीवर निदान १२० अंशांचा विळखा हवा.

आणि पट्टा. या विषयावर लिहिणारे पट्ट्याला एक ओळ देतात, प्रत्यक्षात बिघाडांची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते. १० मिलिमीटर रुंदीचा एक व्ही-पट्टा १२ व्होल्टचे ७०-८० अँपिअर बरा ओढतो, १३ मिलिमीटरचा शंभरएक. त्यापुढे दोन पट्टे किंवा बारीक खोबणींचा रुंद, सपाट पट्टा लागतो. सहा खोबणींच्या पट्ट्यावर दीडशे ते दोनशे अँपिअरचे अल्टरनेटर चालतात. जोडीने चालणारे दोन व्ही-पट्टे एकाच मापाचे, जोडी म्हणून विकलेले घ्यावेत आणि दोन्ही एकदमच बदलावेत. एक जुना एक नवा लावला तर सगळा भार नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो.

ताण तपासायला सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबावे, १० ते १२ मिलिमीटर दबला की ठीक. सैल असला तर घसरतो, किंचाळतो, पुली निळी पडेपर्यंत तापते. जास्त ताणला तर बेअरिंग खातो. नवा पट्टा पहिल्या काही तासांत ताणतो, त्यामुळे पहिल्या फेरीनंतर पुन्हा कसलाच पाहिजे. दोन्ही पुलींवर सरळ पट्टी धरून त्या एका रेषेत आहेत का पाहावे. दोन मिलिमीटरचा फरकही कालांतराने काळ्या भुकटीच्या रूपात दिसतो. अल्टरनेटरच्या आजूबाजूला काळी धूळ साठू लागली म्हणजे पट्टा झिजत आहे, आणि हीच धूळ अल्टरनेटर आत ओढून घेतो.

पुष्कळ इंजिनांवर तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा गोड्या पाण्याचा पंपही फिरवतो. मूळ ५० अँपिअरचा अल्टरनेटर काढून त्याच पट्ट्यावर १२० चा बसवला की पंपाच्या बेअरिंगवर कधी नव्हे तो बाजूचा ताण येतो, आणि पट्टा तुटला तर वीज जाते ती जातेच, इंजिनाचे थंड होणेही थांबते. म्हणून मूळ अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा जसा आहे तसा ठेवून दुसरा मोठा अल्टरनेटर स्वतंत्र पुलीवर, शक्यतो इंजिनाच्या विरुद्ध बाजूला बसवावा. दोन्हींचा ओढा एकमेकांना काटतो आणि क्रँकशाफ्टच्या पुढच्या बेअरिंगची सुटका होते. त्या टोकावर बाजूने किती ओढ चालेल, हे इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो आकडा न पाहता पुली कापायला देऊ नये. ब्रॅकेट १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे, इंजिनाच्या ठोकळ्यालाच बांधलेले हवे. अल्टरनेटर तिरका ताणून धरणारी, खाच असलेली पातळ पट्टी कंपनांनी खाचेपाशी चिरते. तिच्याऐवजी दोन्ही टोकांना आटे असलेला रॉड बरा, ताणही नेमका देता येतो.

आता उष्णता. गाडीत अल्टरनेटर भर वाऱ्यात असतो आणि बॅटरी भरली की आराम करतो. होडीत तो ५०-६० अंशांच्या कोंदट खोलीत तासन् तास पूर्ण भार ओढतो. आतल्या वेटोळ्यांचे तापमान वाढत जाते, वार्निश करपते, वीज एकदिश करणारे डायोड जातात. इलाज दोन. बाहेरची थंड हवा ७५ ते १०० मिलिमीटरच्या नळीने थेट अल्टरनेटरच्या मागे आणून सोडावी. आणि अल्टरनेटरच्या अंगावर तापमानाचा सेन्सर असलेला बाहेरचा रेग्युलेटर बसवावा, जो १०० ते ११० अंशांना फील्ड आपोआप कमी करेल. अल्टरनेटरच्या स्वतःच्या पंख्याच्या पात्यांची दिशाही पाहून घ्या. काही अल्टरनेटरचे पंखे एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले असतात. इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला उलटे तोंड करून बसवले तर वीज तेवढीच मिळते, हवा मात्र मिळत नाही.

पेट्रोल इंजिनाच्या होडीत अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणाऱ्या, खास नौकांसाठीच्या बनावटीचाच हवा. गाडीचा अल्टरनेटर आत ब्रशपाशी ठिणग्या पाडतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशीच साचते. यात काटकसर नको.

बाहेरच्या रेग्युलेटरचा दुसरा फायदा भरण्याच्या वेळेचा. आत बसवलेला रेग्युलेटर अल्टरनेटरच्या टोकाला १४ व्होल्टच्या जवळपास राखतो. मध्ये वीज दोन बॅटऱ्यांत वाटणारा डायोडचा विभाजक असेल तर पाऊण व्होल्ट तिथेच जातो आणि बॅटरी वर्षानुवर्षे अर्धपोटी राहते. व्होल्टेज मोजणारी तार थेट घरगुती बॅटरीच्या टोकावरून आणावी. साध्या पाण्याच्या बॅटरीला १४.४ पर्यंत नेऊन, तिथे थोपवून, भरल्यावर १३.५ च्या आसपास उतरवावे.

बॅटरी किती करंट गिळेल, हेही आधी पाहायचे. पाण्याची शिसे-आम्ल बॅटरी तिच्या क्षमतेच्या २० ते २५ टक्केच करंट घेते, आणि ८० टक्क्यांपुढे तर थेंबाथेंबाने. २०० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीवर दीडशेचा अल्टरनेटर लावणे म्हणजे अरुंद तोंडाच्या बाटलीवर बादली ओतणे. ४०० ची बॅटरी असेल तर शंभराचा अल्टरनेटर सार्थकी लागतो.

लिथियम लोह-फॉस्फेट बॅटरीचे नेमके उलटे. ती मिळेल तेवढे घेते आणि शेवटपर्यंत घेत राहते. जुन्या अल्टरनेटरला बॅटरी हळूहळू भरत आल्यावर मिळणारा विसावा मिळतच नाही, तो तासाभरात करपतो. शिवाय बॅटरीच्या आतल्या संरक्षक मंडळाने धोक्याच्या वेळी संबंध एकदम तोडला, की अल्टरनेटरच्या वेटोळ्यातली शक्ती जायला जागा राहत नाही. व्होल्टेज क्षणात उसळते आणि डायोड, रेग्युलेटर, कधी दिशादर्शक उपकरणेही घेऊन जाते. त्यामुळे लिथियम लावायची असेल तर तीनपैकी एक तरी व्यवस्था हवी: अल्टरनेटर साध्या शिशाच्या बॅटरीला जोडून तिथून मर्यादित करंटचा डीसी-डीसी चार्जर; किंवा संरक्षक मंडळ तोडण्याआधी रेग्युलेटरला इशारा देऊन फील्ड बंद करेल अशी जोडणी; किंवा लिथियमला समांतर एक छोटी शिशाची बॅटरी, झटका झेलायला. पहिली व्यवस्था सर्वांत सोपी आणि चुकायला सर्वांत अवघड. फील्डवरचा स्विच न बंद करता चालत्या इंजिनावर बॅटरीचा मुख्य स्विच फिरवणे, हाही त्याच झटक्याचा घरगुती प्रयोग आहे. डायोड जळण्याचे ते फार जुने कारण.

तारांचा हिशेब लोक टाळतात, पण तो चौथीतल्या गणिताएवढाच आहे. १२ व्होल्टवर २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला सुमारे १८५ अँपिअर ओढतो. जाण्यायेण्याची मिळून ४ मीटर तांब्याची तार ७० चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे ०.१९ व्होल्ट जातात. ३५ ची असेल तर दुप्पट, आणि बॅटरी थोडी उतरलेली असली की इन्व्हर्टर ‘कमी व्होल्टेज’ म्हणून शिट्टी मारून बंद पडतो. मग दोष इन्व्हर्टरला. २४ व्होल्टची यंत्रणा केली की करंट निम्मा. २००० वॉटच्या वर जायचे असेल तर १२ व्होल्टचा हट्ट सोडावा. इन्व्हर्टर बॅटरीजवळ, पण बॅटरीच्या अगदी वर नको, कारण तिच्यातून निघणारा वायू त्याला गंजवतो. मुख्य फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात. वरच्या उदाहरणात २५० अँपिअरचा. लिथियमचा शॉर्ट सर्किट करंट हजारोंच्या घरात जातो, तो तोडू शकणारा क्लास टी फ्यूजच तिथे लावावा. अल्टरनेटरच्या तारेलाही बॅटरीकडच्या टोकाला फ्यूज हवा, पण त्याच्या पाटीवरच्या करंटपेक्षा चांगला दीडपट. बेताचा लावला आणि भर भारात उडाला की पुन्हा तोच झटका. अल्टरनेटरची ऋण तार इंजिनाच्या ठोकळ्यावर न सोडता तेवढ्याच जाडीची वेगळी ओढावी. तारांच्या टोकांचे लग दाबयंत्राने दाबून बसवावेत. नुसते झाळलेले लग तापले की झाळ वितळते आणि तार निसटते.

इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचाच घ्यावा. पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर मोटरी गुरगुरतात आणि जास्त तापतात, मायक्रोवेव्ह नीट शिजवत नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट झटका घेतो, तेवढी क्षणिक क्षमता पाटीवर पाहावी. मायक्रोवेव्हवर लिहिलेले ७०० वॉट शिजवण्याचे असतात, प्लगमधून तो ११०० ते १२०० ओढतो. आणि रिकामा चालू ठेवलेला २००० वॉटचा इन्व्हर्टर स्वतःच २०-२५ वॉट पितो. चोवीस तासांत १२ व्होल्टच्या बॅटरीतले ४०-५० अँपिअर-तास काही न करता गेले. बंद करायला शिका, एवढेच.

२३० व्होल्टच्या बाजूला मात्र हलगर्जीपणा जिवावर बेततो. किनाऱ्याची वीज, जनरेटर आणि इन्व्हर्टर यांच्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडून मगच दुसरीकडे जोडणारा बदल-स्विच हवा; दोन स्रोत क्षणभरही एकत्र येता कामा नयेत. इन्व्हर्टर स्रोत असताना न्यूट्रल आणि अर्थ इन्व्हर्टरपाशी जोडलेले असावेत, आणि किनाऱ्याची वीज घेताना ती जोडणी सुटावी. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये ही जोडणीच नसते. मग पुढे ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक स्विच लावूनही उपयोग होत नाही: गळती झाली तरी करंटला परतायची वाट नाही, स्विच पडत नाही, आणि चाचणीचे बटण दाबल्यावर तो पडतो म्हणून सगळे निश्चिंत राहतात. घरात वापरतात ती एकसंध तांब्याची तार होडीत कंपनांनी तुटते. बारीक धाग्यांची, कथलाचा मुलामा असलेली तार घ्यावी.

एवढे सगळे करून हाती किती लागते? शंभराचा अल्टरनेटर, तापून ७० अँपिअर, १४ व्होल्ट: जवळपास १ किलोवॉट. चार तासांच्या प्रवासात चार युनिट बॅटरीकडे, भरण्यातली आणि इन्व्हर्टरमधली घट वजा जाता प्लगवर तीन. दिवसभराचा लहान फ्रीज एक-सव्वा युनिट, किटलीत पाच-सहा वेळा पाणी उकळणे एक युनिट, मायक्रोवेव्ह दहा मिनिटे ०.२, बाकी दिवे आणि चार्जर. एवढ्यात नीट भागते. १००० वॉटचे वातानुकूलन यंत्र तीन तास चालवले की सगळा दिवस त्यातच गेला. ज्याला ते हवे त्याने वर सांगितलेला कन्व्हर्टरचा संच किंवा वेगळा जनरेटर पाहावा.

बसवून झाल्यावर बंदरातच, होडी पक्की बांधून, गिअरमध्ये हलके टाकून अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहावे. क्लॅम्प मीटरने अल्टरनेटरचा करंट सुरुवातीला आणि शेवटी मोजावा. तापल्यावर किती उतरतो ते कळते, आणि पुढच्या हिशेबाला तोच आकडा धरायचा. अल्टरनेटरच्या टोकाचे आणि बॅटरीच्या टोकाचे व्होल्टेज भारावर मोजावे, फरक ०.३ पेक्षा जास्त आला तर तार किंवा एखादी जोडणी कमी पडते आहे. मग इंजिन बंद करून प्रत्येक लगजवळ हात न्यावा. जो गरम लागेल तो पुन्हा दाबावा.

एक शेवटचे. अनेक इंजिनांवर फेरे दाखवणारा काटा अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकावरून चालतो. मूळ अल्टरनेटर काढून वेगळ्या पुलीचा बसवला की काटा खोटे फेरे दाखवू लागतो आणि सगळा वरचा हिशेब चुकतो. काट्यामागचा स्क्रू फिरवून तो पुन्हा जुळवावा लागतो. बाहेरच्या रेग्युलेटरने बॅटरी भरल्यावर फील्ड पूर्ण तोडले तर काटा शून्यावरही येतो. इंजिनाला तेव्हा काही झालेले नसते.

आपला,
नौकांच्या विद्युत जोडण्यांचे काम करणारा एक वाचक